आपल्या गाण्याचा धनी

विषयाचा फलक लागला त्याच दिवशी आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांला बोरीवली स्थानकाच्या पुलावर गाठले. "अहो, ज्ञानेश्वर, शिवाजी, टिळक सोडून हा गिटारवाला कुठून काढलात? आणि रॉक म्हणजे काय, दगड?" दुसरा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला. पहिला मात्र घरापर्यंत बरोबर आला. इतिहासाच्या व्याख्यानात गिटारवाल्याला जागा असावी काय? असावी, असे आम्हांला वाटते. पण त्याचे कारण गिटारीत नाही. गाणे कोणाचे असते, ते रचणाऱ्याचे, वाजवणाऱ्याचे, की त्याची तबकडी काढून विकणाऱ्याचे, हा प्रश्न जुना आहे. आमच्या काळात आमच्याच किनारपट्टीवरील एका माणसाने त्याला आपल्यापुरते उत्तर दिले. त्या माणसाचे नाव रेमो फर्नांडिस. गाव शिवोली, तालुका बार्देश, गोवा.

आरंभ आपल्या घरापासूनच करू. बोरीवलीच्या पश्चिमेस मंडपेश्वराची लेणी आहेत. तेथे नृत्य करणाऱ्या शिवाचे शिल्प आहे, आणि त्याच लेण्याच्या माथ्यावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधलेल्या चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तोपर्यंत हा मुलूख पोर्तुगीजांचा होता. लेण्यापासून थोडे चालत गेले की आय. सी. कॉलनी लागते. नाताळच्या दिवसांत तेथल्या गल्ल्यांतून जाताना एखाद्या गच्चीवरून गिटार ऐकू येते, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात येते की हे 'त्यांचे' वाद्य. सतार आपली, गिटार त्यांची. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. परंतु पेटी कोठून आली, व्हायोलिन कोठून आले, हे विचारायला लागले की ही वाटणी टिकत नाही. दोन्ही वाद्ये बाहेरून आली आणि आपली झाली.

गोव्यात पाश्चात्त्य संगीत आले ते चर्चच्या हाताला धरून. गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असे. तीत मेस्त्री मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवी. पोर्तुगीज राजवटीने गोमंतकीयांना काय दिले आणि काय हिरावले, याचा हिशेब आम्ही येथे मांडत नाही. पण या शाळांतून पिढ्यान् पिढ्या अशी माणसे निघाली की, ज्यांच्यापुढे कागद ठेवला की ती वाजवू लागत. गोव्यात पोटाला काम नव्हते. म्हणून ही माणसे ब्रिटिश हिंदुस्थानात आली. संस्थानिकांचे बँड, पोलिसांचे बँड, मूकपटांच्या पडद्यापुढचे वादक, मोठ्या हॉटेलांतील नाचाचे ताफे, सर्वत्र गोमंतकीय. मुंबईत त्यांची वस्ती धोबी तलाव आणि गिरगावच्या आसपास. गावागावाचे 'कूड' असत, म्हणजे त्या त्या गावच्या लोकांनी चालवलेली बिऱ्हाडे. जेर महाल इमारतीतले कूड प्रसिद्ध आहेत. बोटीवर जाणारा खलाशी आणि बँडमध्ये वाजवणारा ट्रंपेटवाला एकाच खोलीत पेट्या ठेवीत.

बोलपट आला आणि यांचे दैव फळफळले; निदान तसे वाटले. चित्रपटाचा संगीतकार पेटीवर चाल बसवी. पण त्या चालीभोवती पन्नास व्हायोलिने, चेलो, बासरी, ट्रंपेट यांनी केव्हा काय वाजवायचे हे कागदावर उतरवणारा माणूस वेगळा असे. त्याला अरेंजर म्हणत. ही विद्या गोमंतकीयांजवळ होती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील तो भरगच्च वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझा यांनी बांधलेला. आपल्या चितळकरांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, चिक चॉकलेट या टोपण नावाच्या ट्रंपेटवाल्याची साथ होती. १९५१ च्या 'अलबेला'तील गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना अधिक सांगायला नको. या सर्वांची नावे पाट्यांवर कोठे? असलीच तर बारीक अक्षरात, 'साहाय्यक' म्हणून.

अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर मनाला चटका लावणारी आहे. माजोर्डा गावचा हा व्हायोलिनवादक. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा संगम करावा म्हणून त्यांनी १९५८ साली मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम झाला, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. तो प्रयोग पुढे चालला नाही आणि १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला. त्यातील एका गाण्यात प्यारेलालजींनी गुरूचे नाव गुंफले. साऱ्या देशाच्या तोंडी ते नाव झाले. या नावाचा एक खराखुरा माणूस आहे आणि तो व्हायोलिन वाजवतो, हे गाणाऱ्या लाखांपैकी किती जणांना ठाऊक होते?

ही पार्श्वभूमी लांबली खरी, पण रेमो यांनी काय केले हे तिच्याशिवाय कळत नाही. गोमंतकीय वादक उत्तम, पण दुसऱ्याचे वाजवणारा. नाव दुसऱ्याचे, धनी दुसरा, अशी रूढी पडून गेली होती. अपवाद होते. कोकणी तियात्रातील गायक स्वतःची गाणी स्वतःच्या नावाने गात. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या कोकणी गाण्यांनी तर मुंबई आणि गोवा दोन्ही डोलवले. परंतु त्यांचीही तबकडी निघायची ती कंपनीच्या मर्जीने.

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ चा. घर खाऊनपिऊन सुखी, घरात पोर्तुगीज आणि कोकणी दोन्ही भाषा. शिवोली हे गाव कसे आहे ते सांगितले पाहिजे. शापोरा नदीच्या काठी वसलेले. २४ जूनला सांजाँवच्या सणाला तेथे सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते, पावसात भिजत लोक गातात. आणि नाताळानंतर तेथला जागोर होतो, ज्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घराण्यांचे मान ठरलेले आहेत. दोघे एकाच मांडावर उभे राहून रात्र जागवतात. एका गावात चर्चचे लॅटिन, घरचा मांडो, शेजारचे घुमट आणि रेडिओवरचे हिंदी गाणे. मुलाच्या कानांवर इतके सगळे पडत असेल तर त्याला निराळ्या संगीतशाळेची गरज ती काय?

सात-आठ वर्षांचे असताना लंडनहून परतलेल्या एका भावाने 'रॉक अराउंड द क्लॉक' ही बिल हेली यांची तबकडी आणली, आणि रॉकशी त्यांची पहिली भेट झाली. आता आमच्या स्नेह्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायची वेळ आली. रॉक म्हणजे डोलणे, हलणे. अमेरिकेतील निग्रो मजुरांच्या ब्लूज नावाच्या विलापिकांतून आणि गोऱ्या खेडुतांच्या गाण्यांतून १९५० च्या सुमारास हा प्रकार जन्मला. त्याचे मुख्य हत्यार विजेची गिटार. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. वरची तार थरथरली की खालच्या गुंडाळीत विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. तो यंत्राने वाढवला की चार माणसे चाळीस वाद्यांच्या ताफ्याइतका आवाज काढू शकतात. याचा अर्थ असा की, वाद्यवृंद पोसणाऱ्या धनवंताची गरज सरली. चार तरुण, तीन गिटारी, एक ड्रमचा संच एवढ्यावर काम भागू लागले. बीटल्स मंडळींनी त्यात आणखी एक भर घातली. आपली गाणी आपणच लिहायची, ही चाल त्यांनी जगभरच्या तरुणांना लावली. हेच बीटल्स १९६८ साली हृषीकेशला महेश योगींच्या आश्रमात येऊन राहिले होते, हे श्रोत्यांपैकी अनेकांना आठवत असेल.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा रेमो आठ वर्षांचे होते. शाळेत बोलायची भाषा बदलली, नाणी बदलली, नकाशा बदलला. त्या पिढीचे वैशिष्ट्य असे की, तिचे बालपण एका देशात आणि तारुण्य दुसऱ्या देशात गेले, आणि तेही घर न सोडता. पुढे पोर्तुगालचे नागरिकत्व घेतल्याबद्दल काही लोकांनी रेमो यांना बोल लावला. बोल लावण्यापूर्वी हा मुद्दा ध्यानात घेतला असता तर बरे झाले असते.

शाळेत असतानाच मित्रांना जमवून त्यांनी बँड काढला होता आणि गाणी रचू लागले होते. वास्तुशास्त्र शिकण्यासाठी ते मुंबईस आले, सर जे. जे. च्या वास्तुशास्त्र महाविद्यालयात. जे. जे. पासून धोबी तलाव चालत पंधरा मिनिटांवर. ज्या वाटेने त्यांच्या आधीच्या पिढ्या व्हायोलिनची पेटी हातात घेऊन आल्या, त्याच वाटेवर हा विद्यार्थी गिटार घेऊन हिंडू लागला. 'द सॅव्हेजेस' हा तेव्हाचा मुंबईतील नावाजलेला बँड. त्यात ते वाजवू लागले.

त्या काळच्या मुंबईतील रॉकविषयी दोन शब्द. महाविद्यालयांचे महोत्सव, हॉटेले, आणि सिगारेट कंपनीने भरवलेली 'सिमला बीट' ही स्पर्धा, हे त्याचे आश्रयस्थान. त्या स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या निघाल्या. त्यांत काही स्वरचित गाणीही आहेत. पण एकंदरीत रिवाज नकलेचा. अमुक इंग्रजी बँडचे अमुक गाणे जो हुबेहूब वाजवील तो श्रेष्ठ. परदेशी वाद्ये जकातीमुळे परवडत नसत, ध्वनिवर्धक घरी जोडून बनवावे लागत, आणि एवढा खटाटोप करून गायचे ते लिव्हरपूलच्या पोराचे दुःख! आम्हांला यात दोष दिसतो, पण नवल वाटत नाही. मराठी रंगभूमीनेही आरंभी शेक्सपिअरची भाषांतरे केलीच की.

येथे आपल्या घरच्या एका माणसाची आठवण काढल्यावाचून पुढे जाववत नाही. आत्माराम भेंडे आणि डॉ. आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे याच वर्तुळातले. १९७४ साली अलेक पदमसी यांनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतक मुंबईत केले, त्यात जूडासची भूमिका नंदूंनी गायली. आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांचा 'तीन पैशाचा तमाशा' थिएटर अॅकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणला, तेव्हा नाट्यपद, लावणी आणि रॉक एकाच मंचावर नांदले, आणि त्यातील अंकुश हा नंदू भेंडे होता. मराठी प्रेक्षकाने तो रॉक मुकाट्याने नव्हे, टाळ्या वाजवून स्वीकारला. ११ एप्रिल २०१४ रोजी नंदू गेले. त्या प्रयोगाने उघडलेल्या दारातून मराठीत फारसे कोणी आत गेले नाही, याची खंत आम्हांला आहे. रेमो यांच्या कथेकडे आम्ही मराठी माणसे थोड्या हेव्याने पाहतो त्याचे कारणही हेच.

वास्तुशास्त्राचा अभ्यास पुरा झाला, पण घरे बांधण्याकडे त्यांचे मन वळले नाही. १९७७ च्या सुमारास ते युरोपास निघाले. वाटेत मिळेल त्या गाडीला हात करीत युरोप आणि उत्तर आफ्रिका हिंडले. रस्त्याच्या कडेला वाजवले, पॅरिसमध्ये बँडबरोबर वाजवले. तेथे राहून जम बसवता आला असता. पण १९८० च्या आसपास ते शिवोलीला परतले. मुंबईलाही नव्हे, शिवोलीला. त्या वेळी हा वेडेपणा वाटला असणार. नोकरीसाठी, नावासाठी, ध्वनिमुद्रणासाठी गोमंतकीयाने गाव सोडून मुंबई गाठायची, हा शंभर वर्षांचा नियम. याने तो उलटा फिरवला.

गावी बसून त्यांनी गाणी लिहिली. भाषा इंग्रजी, पण विषय शिवोली-पणजीचे. आपला गोवा, त्याचे लहरी लोक, त्याच्याकडे बघायला येणारे पर्यटक. ही गाणी घेऊन ते ध्वनिमुद्रिका कंपन्यांकडे गेले. नकार मिळाला. कंपन्यांचे गणितही समजून घेतले पाहिजे. पुष्कळ वर्षे या देशात तबकडी म्हणजे एच. एम. व्ही. आणि तबकडी निघायची डमडमच्या कारखान्यातून. कंपनीचे पोट भरायचे ते चित्रपटगीतांवर. हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहिलेले स्वतःचे गाणे कोण विकत घेणार? ज्याला इंग्रजी गाणे हवे तो विलायती तबकडी घेईल, ज्याला देशी हवे तो हिंदी घेईल.

पण नेमक्या त्याच सुमारास कंपन्यांच्या पायाखालची वाळू सरकत होती. आखाती देशांत कामाला गेलेली माणसे येताना टेपरेकॉर्डर आणू लागली होती. गोव्यात तर घरटी एखादा आखातवाला नाही तर बोटीवरचा तारवटी. पुढे आयातीचे नियम सैल झाले. तबकडी काढायला कारखाना लागतो. कॅसेट भरायला दोन यंत्रे आणि एक टेबल पुरते. महाराष्ट्रात त्या काळी प्रल्हाद शिंद्यांसारख्या लोकगायकांच्या कॅसेटी खेडोपाडी पोचल्या, भजनी मंडळांच्या निघाल्या, पोवाडे निघाले. गुलशनकुमारांनी दिल्लीत त्यावर साम्राज्य उभे केले, हा भाग सर्वांना माहीत आहे. या लाटेत गोव्यातील एक गिटारवालाही होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

रेमो यांनी कर्ज काढले आणि घरातच ध्वनिमुद्रण केले. चार पट्ट्यांचे यंत्र. याची करामत अशी: साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असतात, दोन एका बाजूच्या आणि दोन दुसऱ्या बाजूच्या. या यंत्रात चारही पट्ट्या एकाच दिशेने चालतात आणि प्रत्येकीवर निराळे काही भरता येते. पहिल्या पट्टीवर ताल वाजवायचा. मग तो कानांत ऐकत दुसरीवर गिटार, तिसरीवर बासरी. तिन्ही मिळून चौथीवर एकत्र उतरवायची, की पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या. असे करीत एकटा माणूस आपलाच बँड होतो. अर्थात प्रत्येक उतरवणीबरोबर आवाज थोडा मळतो, आणि एकदा एकत्र केलेले पुन्हा सुटे करता येत नाही. म्हणजे पुढे काय काय येणार हे आरंभालाच डोक्यात पक्के असावे लागते. वास्तुशास्त्राचे शिक्षण अगदीच वाया गेले नाही, असे आम्हांला वाटते.

शब्द त्यांचे, चाल त्यांची, वाद्ये त्यांनी वाजवलेली, आवाज त्यांचा, वेष्टनावरचे चित्रही त्यांचेच. १९८४ साली 'गोअन क्रेझी' ही कॅसेट तयार झाली. विकायची कशी? स्कूटर होती, पिवळी. तिच्यावर कॅसेटी लादून हा माणूस गोव्यातील दुकानोदुकानी फिरला. दोन-दोन, चार-चार ठेवायच्या आणि पुढच्या फेरीला पैसे गोळा करायचे. लिज्जत पापडाच्या भगिनींचे किंवा आपल्या दिवाळी अंकवाल्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणा. रॉक संगीताच्या इतिहासात लंब्या मोटारी आणि विमाने फार येतात. आम्हांला ही स्कूटर अधिक महत्त्वाची वाटते. कॅसेट गोव्यात हातोहात खपली.

दुसऱ्याच वर्षी, १९८५ मध्ये, 'ओल्ड गोअन गोल्ड' आली. तीत त्यांनी गोव्याची जुनी गाणी नव्याने बांधून गायली. स्वतःचे गाणे गाऊन यश मिळालेल्या माणसाने लगेच मागे वळून आजीची गाणी का घ्यावीत? धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे असेल. पण आम्हांला त्यात एक निवाडा दिसतो. पहिल्या कॅसेटने सांगितले की हा माझा आवाज, दुसरीने सांगितले की तो येथून आला. त्याच वर्षी श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' निघाला. १९६१ च्या गोव्याची ती कथा. चित्रीकरण लोटलीला मारिओ मिरांडांच्या वाड्यात झाले. रेमो त्यात गायले आणि पडद्यावर दिसलेही.

आता भाषेचा प्रश्न, आणि तो मराठी श्रोत्यांपुढे टाळून चालणार नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचे ठरवले. आमच्यापैकी पुष्कळांना तो निकाल कडू लागला. त्या प्रचारात उल्हास बुयांव यांच्यासारख्या गायकांच्या कोकणी गाण्यांचा मोठा वाटा होता. गाणे काय करू शकते याचा तो धडाच होता. पुढे १९८६ च्या अखेरीस राजभाषेच्या आंदोलनाने गोवा पेटला, फेब्रुवारी १९८७ मध्ये कोकणीला राजभाषेचा मान मिळाला, मराठीच्या सरकारी वापराची तरतूदही राहिली, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. कोकणी की मराठी असा वाद जोरात असताना हा गृहस्थ इंग्रजीत गात होता! दोन्ही पक्षांनी त्याला परका म्हणावे अशी ही जागा. पण झाले उलटे. दोन्हीकडची तरुण मुले त्याची गाणी गुणगुणत होती. इंग्रजीत लिहिलेले गाणे आपले असू शकते काय? आमचे मत आहे की, भाषा उसनी असली तरी ज्या गाण्यातील गल्ली, मासळीबाजार आणि भांडणे आपली, ते गाणे परके नव्हे. हे सगळ्यांना पटेल असे नाही, आणि मराठीत कोणी तसे केले असते तर आम्हीच किती उदारपणे बोललो असतो, याची आम्हांला खात्री नाही.

राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यास आले. स्वागताच्या कार्यक्रमात रेमो यांना गायला बोलावले होते. अशा वेळी लोक नांदी म्हणतात. यांनी थेट पंतप्रधानांना उद्देशून रचलेले गाणे म्हटले. त्यात स्वागत होते आणि गाऱ्हाणीही होती. स्थानिक पुढारी आणि काही वृत्तपत्रे खवळली. रेमो यांनी ती कात्रणे पंतप्रधानांकडेच पाठवून दिली. उत्तर आले की, गाणे आवडले, त्यात काही वावगे वाटले नाही. दरबारात शाहिराने खरे बोलावे आणि राजाने ते ऐकून घ्यावे, ही गोष्ट आपल्याला बखरींतून माहीत आहे. येथे ती ध्वनिवर्धकावरून घडली. दोघांचेही कौतुक वाटते.

१९८६ मध्ये पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथे झालेल्या गीतमहोत्सवात त्यांनी पारितोषिके मिळवली. मग ज्या कंपन्यांनी पूर्वी दार लावले होते त्यांच्यापैकी मोठ्या नावाची एक पुढे आली. 'पॅक दॅट स्मॅक' आणि 'बॉम्बे सिटी' या कॅसेटी निघाल्या. पहिली मादक द्रव्यांविरुद्ध. गोव्याच्या किनाऱ्यावर हिप्पींबरोबर जे विष आले, ते गावच्या पोरांपर्यंत पोचताना त्यांनी पाहिले होते. दुसरी आपल्या या नगरीविषयी. इंग्रजी स्वरचित गाण्यांना या देशात इतका खप पूर्वी मिळाला नव्हता.

आणि नेमके येथे त्यांच्या आयुष्यातले वळण आहे. १९८७ साली पंकज पराशर यांच्या 'जलवा' चित्रपटाचे गाणे त्यांनी गायले आणि गोव्याबाहेर, हिंदी मुलखात, एका रात्रीत नाव झाले. १९९५ मध्ये ए. आर. रहमान यांच्या 'बॉम्बे' मधील 'हम्मा हम्मा', १९९८ मध्ये 'प्यार तो होना ही था'. देशातील कोट्यवधी लोक रेमो यांना ओळखतात ते या तीन-चार गाण्यांमुळे. आणि त्यांतील शब्द त्यांचे नाहीत, चालीही त्यांच्या नाहीत! ज्या माणसाने दुसऱ्याचे न वाजवण्यासाठी शिवोली गाठली, त्याला देशाने दुसऱ्याच्या गाण्यावरून ओळखावे, हा दैवाचा खेळ थोडा क्रूर आहे. तरी सेबॅस्टियन डिसोझांच्या काळापेक्षा एक फरक होता. रेमो त्या स्टुडिओत पाहुणे म्हणून गेले आणि गाऊन घरी परतले. घरी त्यांची स्वतःची गाणी होती. १९९८ मध्ये 'ओ मेरी मुन्नी' ही स्वरचित हिंदी गाण्यांची ध्वनिफीत काढून त्यांनी हिंदी श्रोत्यालाही आपली चाल ऐकवली.

२००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तेही इंग्रजीत. मदर तेरेसांच्या जीवनावर त्यांनी संगीतक रचले. सर्वच रचना सारख्या उंचीच्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. नंतरच्या काही गाण्यांत यंत्रांचा गजबजाट वाढला आणि चार पट्ट्यांच्या काळातील नेमकेपणा कमी झाला, असे आमच्या कानांना वाटते. पण कान जुने आहेत, हेही कबूल केले पाहिजे.

२०१२ साली संसदेने कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती केली. चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याचा गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येणार नाही, असे तीत ठरले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी झुंज दिली. ही दुरुस्ती जूनमध्ये अमलात आली. अँथनी गोन्साल्विस त्याच वर्षी जानेवारीत गोव्यात वारले होते.

व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही माळ्यावरचे जुने खोके उतरवले. 'बॉम्बे सिटी' सापडली. वेष्टन फिकट झाले आहे, फीत शाबूत आहे. टेपरेकॉर्डर मात्र चालेना. स्थानकाबाहेरच्या तीन दुकानांत नेला. तिसऱ्या दुकानातला मुलगा चांगला होता, त्याने यंत्र उघडून पाहिले, आतला सुटलेला पट्टा दाखवला आणि म्हणाला, "काका, हा आता मिळत नाही. पण गाणं कुठलं आहे?" आम्ही सांगितले. त्याने आपल्या फोनवर ते लावले, आणि गाणे संपेपर्यंत दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना थांबवून ठेवले.